पेटीला मिळवलेला सिंथ

“बाईंचा सूर गेलाय, मॅडम. दुसरं कोन तरी बघू की.”

देवस्थानचे अध्यक्ष माझ्या मागच्या खुर्चीत बसून हे बोलले आणि नेमकं तेव्हाच माझं बोट टॉकबॅकच्या बटणावर होतं. टॉकबॅक म्हणजे आतल्या खोलीत गाणाऱ्या माणसाशी बोलायची सोय. बटण दाबलं की बाहेरचं बोलणं थेट त्याच्या हेडफोनमध्ये जातं. “अक्का, परत एकदा पहिल्यापासून घेऊ,” असं सांगायला मी ते दाबलं होतं. अक्कांच्या कानात माझ्याआधी अध्यक्ष पोचले.

मधल्या भिंतीत बसवलेल्या काचेतून मला महादेवीअक्का दिसत होत्या. त्या थांबल्या. हेडफोन काढला, वायर नीट गुंडाळून स्टुलावर ठेवली, पदर सारखा केला आणि बाहेर आल्या. रडल्या नाहीत. अध्यक्षांकडे बघून एवढंच म्हणाल्या, “बरं झालं सांगितलं. एनु माडली, वय झालं की.”

एनु माडली म्हणजे काय करू. अक्कलकोटच्या बाजूच्या गावांत मराठी आणि कन्नड एकाच वाक्यात सुखानं नांदतात. चपला घालून त्या जिना उतरल्या आणि एसटी स्टँडकडे निघाल्या. त्यांचा पेटीवाला मल्लिनाथ जिन्यातच बसला होता. तो माझ्याकडे बघायला लागला, मग अध्यक्षांकडे, आणि शेवटी अक्कांच्या मागं पळाला.

मला अध्यक्षांचा मनापासून राग आला. पण स्टुडिओ चालवणाऱ्या बाईनं क्लायंटसमोर राग दाखवायचा नसतो, म्हणून मी चहा मागवला. चहा पिता पिता अध्यक्षांनी सगळं ठरवूनही टाकलं. त्यांची पुतणी मोडनिंबला दिलेली, चांगली गाते, शिकलेली आहे. पुढच्या आठवड्यात मागाला सुट्टी असेल तेव्हा तिला घेऊन येतो, गाणी तीच, ट्रॅक तोच, फक्त आवाज बदला. मी बरं म्हटलं. अक्कांचा आवाज ट्रॅकला लागत नव्हता हे मीही माझ्या कानांनी ऐकलं होतं.

मागाला सुट्टी हे माझ्या धंद्याचं पंचांग आहे. माझा स्टुडिओ भवानी पेठेत, चुलत भावाच्या पॉवरलूमच्या शेडवर आहे. खाली माग चालू असले की वर माइकमध्ये गाण्यापेक्षा खडखडाट जास्त येतो. त्यामुळे गायक बोलवायचे ते आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी. भिंतींना मी महागडा फोम लावलेला नाही. भावाच्या कारखान्यातल्या, विणताना चूक झालेल्या चादरी चारी भिंतींना दुहेरी ठोकल्या आहेत. पुण्याहून आलेला एक रेकॉर्डिस्ट त्या मोरांच्या नक्षीकडे बघून हसला होता. मग त्यानं टाळी वाजवून बघितली, खोलीत जराही घुमलं नाही, आणि जाताना चादरी कुठे मिळतील ते विचारून गेला.

त्याआधी वीस वर्षं मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. स्टेजवर कीबोर्डला बाई असायची नाही, मी असायची. आता वाजवणं कमी आणि रेकॉर्डिंग जास्त. नवीन सामान मात्र एकटीचं नाही. मी, सलीम आणि मल्लिनाथ अशा तिघांनी मिळून ते घेतलं. सलीम लग्नाच्या पार्टीत वाजवतो. मल्लिनाथ अक्कलकोटला राहतो आणि आसपासच्या गावांतल्या भजनांना पेटीची साथ करतो. एक चांगला माइक, आवाज कंप्युटरमध्ये नेणारा एक छोटा डबा ज्याला इंटरफेस म्हणतात, दोन स्पीकर आणि एक सिंथेसायझर. माइक वगैरे माझ्याकडेच असतं. सिंथ मात्र फिरतो. लग्नसराईत सलीमकडे, सणावाराला मल्लिनाथकडे, रेकॉर्डिंग असेल तेव्हा माझ्याकडे. नवीन सुनेला जसं सगळे नातेवाईक जेवायला बोलावतात तसं त्या सिंथचं पहिलं वर्ष गेलं.

एक वस्तू तिघांत म्हटल्यावर भांडण ठरलेलंच. आमचं भांडण ट्रान्स्पोजवरून झालं. ट्रान्स्पोज म्हणजे बोटं तिथंच ठेवून सूर वर-खाली सरकवायचं बटण. समजा तुमची बोटं पांढरी एक या पट्टीतच बसलेली आहेत आणि गायक म्हणाला मला काळी दोन पाहिजे, तर बटण तीन वेळा दाबायचं आणि आपल्या सवयीनंच वाजवायचं. सलीम हे बटण इतक्या सहज दाबतो की त्याला दाबल्याचं आठवतही नाही. एकदा त्यानं सिंथ तसाच मल्लिनाथकडे दिला आणि भर सप्ताहात पहिल्या सुराला पेटी एकीकडे आणि सिंथ दुसरीकडे गेला. मल्लिनाथ शिव्या देत नाही, पण त्यानं चार दिवस सलीमचा फोन घेतला नाही. तेव्हा मी नियम घातला. सिंथ दुसऱ्याला देण्याआधी ट्रान्स्पोज शून्यावर आणायचा आणि समोरच्यानं तो शून्यावर आहे हे बघूनच घ्यायचा. त्यानंतर भांडण झालं नाही. नियम माझा होता, तो चोख पाळला जात होता, आणि याचा मला अभिमानही होता.

अक्कांचं काम मल्लिनाथनंच आणलं. अक्कलकोटजवळच्या त्यांच्या गावच्या देवळात पहाटे देवाला उठवायला अक्का गातात. काही भूपाळ्या मराठीत, काही पदं कन्नडमध्ये. लग्न होऊन गावात आल्या त्या वर्षापासून गातात. आधी सासू गायची, तिच्या मागं बसून शिकल्या. गाऊन झालं की शेतावर जातात. देवस्थानानं नवीन लाउडस्पीकर बसवला आणि अध्यक्षांच्या मनात आलं की अक्कांच्या गाण्याचं रेकॉर्डिंग करून रोज पहाटे लावावं. कल्पना वाईट नव्हती. मात्र त्यांना जुनी पेटी नको होती. मॉडर्न म्युझिक पाहिजे, असं त्यांनी मला दोनदा बजावलं.

म्हणून मी आधी सिंथवर सगळ्या गाण्यांचा ट्रॅक केला. ट्रॅक म्हणजे गायकाशिवायचं पूर्ण संगीत. अक्कांची पट्टी काळी चार, त्यात सगळं बसवलं. ट्रॅक कंप्युटरमध्ये ठेवला आणि सिंथ मल्लिनाथकडे पाठवला, कारण अक्कांना पेटीच्या पलीकडचं काही ऐकायची सवय नव्हती. त्यानं आठवडाभर गावात जाऊन त्यांची तालीम घेतली. सुट्टीच्या दिवशी सिंथ, मल्लिनाथ, अक्का आणि अध्यक्ष असे सगळे एकाच जीपमधून माझ्याकडे आले. पुढे जे झालं ते वर सांगितलंच आहे.

दोन दिवसांनी मल्लिनाथचा फोन आला. तो एरवी फोनवर फार बोलत नाही. त्या दिवशी बोलला. अक्का देवळात जात नव्हत्या. घरी पण गुणगुणत नव्हत्या. शेजारच्या बायका विचारायला गेल्या तर म्हणाल्या, मशीनसमोर उघडं पडलं, इतकी वर्षं लोकांनी कसं ऐकून घेतलं कुणास ठाऊक.

“ताई, खरंच त्यांचा सूर गेलाय का?” मल्लिनाथनं विचारलं. “तुमी सांगा. मी रोज साथ करतोय, मला तर कदी वाटलं न्हाय.”

हा प्रश्न मला बरोबर लागला. रोज साथ करणाऱ्या पेटीवाल्याला वाटत नाही आणि माझ्या स्पीकरमधून येतं, म्हणजे दोघांपैकी एकाचं काहीतरी चुकतंय. मी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि अक्कांचं रेकॉर्डिंग उघडलं.

पहिल्यांदा नुसता आवाज ऐकला, ट्रॅक बंद करून. आवाज थोडा जाड झालाय, श्वास आखूड झालाय, वयाप्रमाणे जे व्हायचं ते सगळं झालंय. पण सूर हलत नव्हता. मग ट्रॅक लावला. लगेच दोघांचं बिनसलं. अक्का वर जात होत्या. कंप्युटरवर मोजून पाहिलं. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले तर अक्का तीस भाग वर होत्या. पहिल्या ओळीला तीस. शेवटच्या ओळीला तीस. दुसऱ्या गाण्यातही तेवढंच.

इथं मला पहिल्यांदा शंका आली. मी आजवर शेकड्यांनी बेसूर लोक रेकॉर्ड केले आहेत, त्यात पैसे देऊन गाणारे आले, नेते आले, नेत्यांची मुलं आली. बेसूर माणूस कधी वर जातो, कधी खाली येतो, श्वास संपला की घसरतो. दमलेला, म्हातारा आवाज तर खालीच उतरतो. इतक्या शिस्तीत, सगळीकडे सारखाच बेसूर गाणारा माणूस मला कधी भेटला नव्हता. बाई सुरातच होत्या. फक्त आमच्या सुरात नव्हत्या. मग कुणाच्या सुरात होत्या?

मी एकेक गोष्ट तपासायला लागले. कंप्युटर चुकीच्या वेगानं वाजवत असेल का? तसं कधी कधी होतं, आवाज एका वेगानं रेकॉर्ड होतो आणि दुसऱ्या वेगानं वाजतो. पण मग दीड-दोन पट्ट्यांचा फरक पडतो, आवाज उंदरासारखा नाही तर राक्षसासारखा येतो. तीस भागांचा नाही. ते सोडून दिलं. मग ट्रान्स्पोज पाहिला. शून्य. शून्यावर आहे हे मी मल्लिनाथकडून घेतानाही बघितलं होतं, नियमाप्रमाणे. मग सलीमला फोन केला. मी ट्रॅक करण्याआधी सिंथ त्याच्याकडे होता.

“नै दीदी, अल्ला कसम, मै कुछ नै छेडा,” सलीम म्हणाला. मग जरा थांबून त्यानं ढोलकीचा एक आवाज बदलून ठेवल्याचं कबूल केलं. मी त्याला ढोलकीबद्दल नंतर बघते असं सांगून फोन ठेवला.

उरला ट्रॅक आणि उरलं अक्कांच्या हेडफोनमध्ये जे चालू होतं ते. हेडफोनमध्ये काय होतं ते आठवायला लागले. ट्रॅक होता. त्यांचा स्वतःचा आवाज होता. आणि तंबोरा होता. अक्का बसल्या बसल्याच म्हणाल्या होत्या की आधाराला सा पाहिजे, त्याशिवाय गाता येत नाही. म्हणून मल्लिनाथनं सिंथवर तंबोऱ्याचा आवाज लावला आणि भजनातले पेटीवाले करतात तसं पट्टीच्या फटीत कागदाची घडी खुपसली, म्हणजे हात न लावता सूर धरून राहतो. तो तंबोरा मला गाण्यात नको होता, म्हणून मी तो सिंथमधून थेट त्यांच्या हेडफोनला जोडला. कंप्युटरमध्ये तो येतच नव्हता. माझ्या स्पीकरमध्येही नव्हता. थोड्या वेळानं अक्का म्हणाल्या, बाजा लई जोरात हाय, बारीक करा. गायक असं म्हणतातच. मी ट्रॅक बारीक केला. मग त्यांच्या कानात तंबोरा मोठा राहिला आणि ट्रॅक लांब कुठेतरी. तो तंबोरा अक्कांशिवाय आमच्यापैकी कुणीच ऐकला नव्हता.

मी उठले, सिंथ चालू केला, काळी चारवर बोट ठेवलं आणि शेजारी कंप्युटरवर ट्रॅकमधला तोच सूर लावला. दोन सूर तंतोतंत मिळाले तर एकच ऐकू येतो. जरा फरक असेल तर वांव वांव वांव अशा लाटा येतात. खोलीभर लाटाच लाटा आल्या. याच सिंथवर मी हा ट्रॅक केला होता, आणि आता तो स्वतःच्याच ट्रॅकशी जुळत नव्हता. खरं सांगायचं तर मला आनंद झाला, कारण चोर आता खोलीतच होता.

ट्रान्स्पोजच्या पलीकडे सिंथमध्ये आणखी एक पान असतं, मेनूच्या पोटात, तीन-चार बटणं दाबल्यावर येणारं. त्याला मास्टर ट्यून म्हणतात. ट्रान्स्पोजनं सूर पट्टी पट्टीनं सरकतो. मास्टर ट्यूननं तो केसभर सरकतो, सगळा सिंथ एकदम. जगभरचे लोक ते चारशे चाळीसवर ठेवतात आणि त्या पानाकडे पुन्हा कधी बघत नाहीत. मीही घेतला त्या दिवशी एकदा पाहिलं होतं. आता तिथं चारशे अठ्ठेचाळीस होतं, म्हणजे तेच तीस भाग वर. आणि कुणीतरी ते नीट सेव्हसुद्धा केलं होतं.

मल्लिनाथला फोन लावला. ओरडायचं नाही असं ठरवून लावला.

“मल्लिनाथ, तालमीच्या वेळी सिंथचं काय केलंस?”

“काय न्हाय ताई. पेटीला मिळवला की.”

तो हे अगदी सहजपणे म्हणाला. मग सगळं उलगडलं. भजनात एक रीत आहे. पेटीत पितळेच्या पाती असतात, त्या ऐनवेळी खाली-वर करता येत नाहीत. त्यामुळे बाकी सगळ्यांनी पेटीला यायचं. तबला पेटीला मिळवायचा, एकतारी पेटीला मिळवायची, गाणाऱ्यानं पेटीचा सा धरायचा. मल्लिनाथची पेटी त्याच्या वडिलांची, मुळातच थोडी चढी. इतकी वर्षं सगळं गाव तिला मिळवून गातंय. सिंथ आला तेव्हा त्यानं सिंथलाही तोच न्याय लावला. ते आतलं पान शोधून काढलं, कान लावून लाटा बंद होईपर्यंत आकडा फिरवला आणि रोज रोज कोण मिळवत बसणार म्हणून सेव्ह केलं. परत आणताना ट्रान्स्पोज शून्यावर आहे ना हे पाहिलं. होताच. नियम पाळला गेला होता.

“चुकलं का ताई?” त्यानं विचारलं.

मी त्याला खरं ते सांगितलं. पेटीला मिळवणं चुकलं नाही, ते मला न सांगणं चुकलं. आणि अक्कांबद्दल विचारशील तर त्या तुझ्या पेटीच्या सुरात केसाचाही फरक न करता गायल्या आहेत. तो म्हणाला, मी आत्ताच सांगून येतो त्यांना. मी थांबवलं. नुसतं सांगून अक्कांचा विश्वास बसणार नव्हता. लोक मन राखायला बोलतात हे त्यांनाही कळतं.

आता दुरुस्ती. सलीम ढोलकीचा निकाल लावायला संध्याकाळी आला तेव्हा त्यानं सोपा उपाय सुचवला. कंप्युटरनं अक्कांचा आवाज तीस भाग खाली ओढायचा, दो मिनिट का काम. काम खरंच दोन मिनिटांचं होतं. पण ते केलं असतं तर अध्यक्षांचं म्हणणं मीच खरं केलं असतं. बाईंचा सूर चुकला, मशीननं नीट केला. मला ते नको होतं. आवाजाला बोट लावायचं नाही आणि ट्रॅकच वर न्यायचा, असं मी ठरवलं.

हे जमण्यासारखं होतं, कारण असा ट्रॅक करताना कंप्युटर दोन गोष्टी ठेवतो. एक प्रत्यक्ष आवाज, आणि दुसरं म्हणजे कुठली पट्टी केव्हा आणि किती जोरात दाबली याची नोंद. त्या नोंदीवरून सिंथ पुन्हा जसाच्या तसा वाजवून घेता येतो. मी सिंथ चारशे अठ्ठेचाळीसवरच ठेवला आणि सगळी गाणी परत वाजवून घेतली. हे काम वायरीतून होतं, माइक लागत नाही, त्यामुळे खाली माग खडखडत असतानाही चाललं. अक्कांच्या आवाजाखाली नवा ट्रॅक सरकवला आणि बटण दाबलं. आवाज आणि संगीत एकमेकांत अशी बसली की सलीमनं टोपी काढून डोकं खाजवलं आणि खाली चहा सांगायला गेला.

पुढच्या सुट्टीला अध्यक्ष आले. पुतणीला दुपारी बोलावलं होतं, ते आधी आले होते. मल्लिनाथ अक्कांना घेऊन आला होता. सामान आणायचंय, सोबत चला, असं काहीतरी सांगून आणलं असावं. अक्का कोपऱ्यातल्या खुर्चीत अंग चोरून बसल्या. अध्यक्षांनाही अक्कांचं तिथं असणं अवघड होत होतं. मी प्रस्तावना न करता पहिलं गाणं लावलं.

अध्यक्ष मान डोलवायला लागले. दुसरं कडवं होईपर्यंत त्यांचे डोळे मिटले होते. गाणं संपलं तसं ते माझ्याकडे वळून हसले. “मला ठाव हाय ह्ये,” ते म्हणाले. “माझा पोरगा सांगत हुता. मशीनमदी कसाबी आवाज टाका, सरळ होतोय. चांगलं केलंय मॅडम. पर ह्ये बाईंचं गानं न्हाय. मशीनचं हाय.”

मी अक्कांकडे पाहिलं. त्या खाली बघून मान हलवत होत्या. त्यांनाही तेच वाटत होतं. मला अध्यक्षांपेक्षा त्या हलणाऱ्या मानेची जास्त काळजी वाटली. गाणं सुधारलं, रेकॉर्डिंग पास झालं, तरी ही बाई पुन्हा देवळात गाणार नाही, हे मला तेव्हा स्पष्ट कळलं.

मी ट्रॅक पूर्ण बंद केला. सगळं संगीत काढून टाकलं. कंप्युटरमध्ये फक्त अक्कांचा आवाज ठेवला, माइकमधून आला तसा, कच्चा. सिंथवर तंबोरा लावला, कागदाची घडी खुपसली, आणि या वेळी तो हेडफोनला न जोडता स्पीकरला जोडला. मग अध्यक्षांना म्हटलं, इकडे या. त्यांना सिंथसमोर बसवलं, ते आतलं पान उघडून दिलं आणि गोल बटणावर त्यांचा हात ठेवला.

“हे फिरवलं की फक्त तंबोरा हलतो. बाईंच्या आवाजाला तुम्हीही हात लावू शकत नाही, मीही नाही. आत्ता जसं आहे तसं ऐका.”

आवाज सुरू केला. तंबोरा आणि अक्का, दोघंच. खोली भरून गेली. कोपऱ्यात अक्कांनी मान वर केली.

“आता फिरवा. हळूहळू. चारशे चाळीसपर्यंत.”

त्यांनी फिरवलं. आकडा एकेक उतरत गेला आणि तसतशी त्यांच्या डोळ्यांसमोर बाई बेसूर होत गेली. चाळीसवर आल्यावर ऐकवेना. त्या दिवशी माझ्या स्पीकरमधून आलं होतं तेच हे. मी हातानं खूण केली, परत वर न्या. त्यांनी वर नेलं. सूर जागेवर आला. त्यांनी कुणी न सांगता पुन्हा खाली नेलं, पुन्हा वर आणलं. तिसऱ्यांदा वर आणून हात काढून घेतला आणि मांडीवर ठेवला.

“म्हंजे त्या दिशी बाई बरोबर व्हत्या,” ते म्हणाले. “यंत्रच दोन सुरांत व्हतं.”

“व्हय,” मल्लिनाथ म्हणाला. “पेटीला मी मिळवलं व्हतं. कुनाला सांगितलं न्हाय.”

अध्यक्ष उठले, अक्कांसमोर उभे राहिले. माणूस अध्यक्ष असला की माफी मागायला त्याला शब्द लवकर सापडत नाहीत. ते म्हणाले, उद्या पहाटं देवळात या. मग खिशातून फोन काढून त्यांनी माझ्यासमोर मोडनिंबला लावला आणि पुतणीला येऊ नको म्हणून सांगितलं.

अक्का अजून सिंथकडे बघत होत्या. “अजून एकदा लावा की,” मला म्हणाल्या. मी लावलं. बाजा नको, तेवढंच, तंबोरा आणि त्या. पूर्ण गाणं त्यांनी ऐकलं आणि ऐकता ऐकता त्यांचे ओठ हलायला लागले. तिसऱ्या ओळीला आवाज बाहेर आला. स्पीकरमधल्या आवाजावर खोलीतला आवाज बसला आणि दोन्हीत फट नव्हती. इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण त्या वेळी मला डोळे पुसायला लागले आणि मी ते पुसले.

रेकॉर्डिंग देवळात लागलं. फक्त अक्का मुलीकडे गेल्या किंवा आजारी असल्या की लावायचं, असं देवस्थानानंच ठरवलं. एरवी त्या स्वतः गातात, पेटीवर, चारशे अठ्ठेचाळीसला. वडिलांची पेटी कारागिराकडे देऊन उतरवून आणू का, असं मल्लिनाथनं मला विचारलं होतं. मी नको म्हटलं. एका आकड्यासाठी सगळ्या गावाचा सा हलवायचा म्हणजे अतिच. आता सिंथ हातातून हातात जाताना आम्ही आकडे बघतोच, पण आधी एक सूर वाजवून दुसऱ्या कशाशी तरी मिळवून ऐकतो. सलीमला हे कंटाळवाणं वाटतं. करतो तरीही. तिघांत यंत्र घ्यायचं असेल तर एवढंच सांगते की नियम कितीही चोख असला तरी तो आधीच्या भांडणातून आलेला असतो. पुढचं भांडण त्याच्या बाहेरून येतं. आणि कुणी बेसूर आहे असं वाटलं तर त्याच्या कानात काय वाजतंय ते आधी ऐकावं.

पंधरा-वीस दिवसांनी अक्कांचा फोन आला. पुढच्या मागाच्या सुट्टीला येते, तिसरं गाणं परत गायचंय. मी म्हटलं, अक्का, ते गाणं उत्तम सुरात आहे, मी मोजून बघितलंय.

“सुरात हाय ते मला ठाव हाय,” त्या म्हणाल्या. “शब्द घाईत गेलेत. ते तुमच्या मशीनला कळत न्हाय.”

आल्या, गायल्या, आणि आधीचं पुसून टाका म्हणाल्या. मी पुसलं.